एक सुटलेला शब्द: दहावीच्या वर्गातली संभाव्यता आणि दोन नाणी

“मॅडम, दोन नाणी उडवली तर तीनच गोष्टी होऊ शकतात. दोन्ही छापे, दोन्ही काटे, नाहीतर एक छापा एक काटा. मग दोन्ही छापे पडायची संभाव्यता एक तृतीयांश झाली ना? तुम्ही एक चतुर्थांश कुठून आणलं?”

हा प्रश्न मला लागोपाठ दोन वर्षं दोन वेगळ्या मुलांनी विचारला. पहिल्या वर्षी मी म्हणाले, “पुस्तकात चार निष्पत्ती दिल्यात, चारच लिहायच्या.” (निष्पत्ती म्हणजे होऊ शकणारी एकेक गोष्ट.) मुलगा खाली बसला. त्याने चार लिहायला सुरुवात केली आणि प्रश्न विचारणं बंद केलं. ते माझ्या मनाला लागून राहिलं. दुसऱ्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा आला तेव्हा मी सात तासिका त्याला दिल्या. त्या सात तासिकांचं हे प्रकरण मी गणित शिकवणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

शाळा नाशिकमधली, सातपूरच्या बाजूची, मराठी माध्यमाची. बहुतेक पालक सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत कामाला. काही मुलं दिंडोरीकडून रोज एसटीने येतात, त्यांच्या घरी द्राक्षबागा आहेत. वर्गात ४६ मुलं, तासिका ३५ मिनिटांची. संभाव्यता हे दहावीच्या गणित भाग १ मधलं पाचवं प्रकरण. दिवाळीची सुट्टी संपली की आम्ही ते घेतो. शिक्षकांच्या खोलीत या धड्याची ख्याती ‘गुण काढून देणारा धडा’ अशी आहे. सूत्र एका ओळीचं: अनुकूल, म्हणजे आपल्याला हव्या त्या, निष्पत्तींची संख्या भागिले एकूण निष्पत्तींची संख्या. वर्गसमीकरणांत अडकलेलं मूलसुद्धा इथे दोन-चार गुण मिळवतं, म्हणून आपण सगळेच तो भराभर उरकतो.

पहिल्या वर्षीच्या घटक चाचणीचे पेपर मी नंतर पुन्हा काढून बसले. चुकलेली उत्तरं बाजूला काढली तर एक गोष्ट लगेच दिसली: भागाकार जवळजवळ सगळ्यांचा बरोबर होता. चुकला होता तो खालचा आकडा. दोन नाण्यांसाठी ४ च्या जागी ३. दोन फाशांसाठी ३६ च्या जागी २१. म्हणजे मुलांना सूत्र येत होतं. सूत्र कधी लावायचं, ते कळत नव्हतं.

ते ‘कधी’ पुस्तकात आहे. धड्याच्या सुरुवातीलाच ‘समसंभाव्य निष्पत्ती’ अशी संज्ञा येते. प्रत्येक निष्पत्ती मिळण्याची शक्यता सारखी असेल, तरच मोजून भागायचं. आपण ती व्याख्या वाचतो, वहीत उतरवायला लावतो आणि पुढे जातो. पुढच्या सगळ्या उदाहरणांत नाणं चांगलं, फासा चांगला, पत्ते नीट पिसलेले, त्यामुळे तो शब्द पुन्हा कुणाला लागतच नाही. महिन्याभरात तो गळून पडतो आणि मुलांकडे उरतं ते असं: किती गोष्टी होऊ शकतात ते मोजा आणि भागा. अशा मुलाला तीन गोष्टी दिसल्या तर तो तीनने भागणारच. त्याचा विचार चुकीच्या जागी सुरू झाला होता, पण तो विचार करत होता. मी मात्र त्याला पुस्तकाकडे बोट दाखवून गप्प केलं होतं.

दुसऱ्या वर्षी ठरवलं की पहिल्या दोन तासिकांत सूत्र फळ्यावर येणार नाही आणि पुस्तक दप्तरातच राहील.

पहिल्या तासाला मी फक्त विचारलं, “शक्यता किती, असं आपण रोज कशाकशाबद्दल म्हणतो?” मॅच, पाऊस, बस वेळेवर यायची, मॅडम न यायची. उत्तर मात्र सगळ्याला एकच: फिफ्टी-फिफ्टी. दिंडोरीकडचा एक मुलगा म्हणाला, “फेब्रुवारीत अवकाळी येईल नाहीतर येणार नाही. दोनच गोष्टी. फिफ्टी-फिफ्टी.” मी त्याला विचारलं, “म्हणजे तुमच्या बागेचं एक वर्षाआड नुकसान होतं?” तो गडबडला. “नाही मॅडम, तसं कसं? तसं असतं तर बाग ठेवलीच नसती.” मग स्वतःच थोडा वेळ थांबून म्हणाला, “पण दोनच गोष्टी आहेत हेही खरं आहे.”

तेव्हा खिडकीजवळची एक मुलगी बोलली: “दोन गोष्टी होऊ शकतात म्हणजे दोन्ही सारख्याच वेळा होतात असं थोडंच आहे?”

मी ते वाक्य जसंच्या तसं फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलं, त्याला चौकट केली आणि ‘पुसू नये’ असं खाली लिहिलं. सातही तासिका ते तिथे राहिलं. ‘समसंभाव्य’ हा शब्द मी तेव्हा उच्चारलासुद्धा नाही. आधी गरज तयार व्हावी, मग शब्द यावा, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या तासाला दोन नाणी. मी विचारायच्या आधीच वर दिलेला प्रश्न आला, तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाकडून. या वेळी मी उत्तर दिलं नाही. हात वर करायला सांगितले. दोन्ही छापे यायची संभाव्यता एक तृतीयांश म्हणणारे २८, एक चतुर्थांश म्हणणारे १५, तिघांनी हातच वर केला नाही. एक चतुर्थांशवाल्यांना मी कारण विचारलं. बहुतेकांनी सांगितलं, “क्लासमध्ये झालंय.” म्हणजे बरोबर उत्तराकडेही कारण नव्हतं.

मग जोड्या केल्या, २३. प्रत्येक जोडीला एक रुपयाचं एक नाणं आणि पाच रुपयांचं एक. सिंहाची बाजू छापा, आकड्याची बाजू काटा, असं ठरवून घेतलं, कारण यावरच दहा मिनिटं वाद झाला असता. मागच्या अनुभवावरून सांगते, मुलांना नाणी हवेत उडवू देऊ नका. निम्मी बाकाखाली जातात आणि तास शोधाशोधीत संपतो. आम्ही डब्याच्या झाकणात नाणी घेतली, वर तळहात ठेवून खुळखुळवली आणि बाकावर उपडी केली. प्रत्येक जोडीने २० वेळा. नोंद करताना आधी रुपयाचं अक्षर, मग पाचाचं: छाछा, छाका, काछा, काका. ‘काका’वर वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गावरचे सर डोकावून गेले. पण त्या हसण्याने चारही नावं पक्की झाली, हेही खरं.

४६० वेळांची बेरीज फळ्यावर मांडली. छाछा १०९, काका ११८, छाका १२१, काछा ११२. मिश्र एकूण २३३. तिन्ही गोष्टी सारख्या असत्या तर प्रत्येकीच्या वाट्याला साधारण १५३ यायला हवे होते. मिश्र तर निम्म्याच्याही किंचित वर गेलं होतं. वर्गात एक मोठा ‘ओऽऽ’ झाला आणि मला वाटलं, जिंकलं.

तिसऱ्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. “मॅडम, तुम्ही वेगवेगळी नाणी दिलीत. एक रुपयाचं, एक पाचाचं. म्हणून छाका आणि काछा वेगळे दिसले आणि चार झाले. दोन्ही सारखीच नाणी घेतली तर वेगळे दिसणारच नाहीत. मग तीनच.”

ही शंका फार मोलाची आहे. माझ्या मते या धड्यातली सगळ्यात खोल शंका हीच. ती पुस्तकात नाही, आणि पाटी-खडूने ‘समजा एक नाणं पहिलं आणि एक दुसरं’ असं सांगून ती मिटत नाही. आपण नावं ठेवली म्हणून निष्पत्ती वाढल्या, असंच मुलाला वाटत राहतं. घंटा झाली होती. मी त्याला म्हटलं, “उद्या सारखी नाणी घेऊन येते.”

रात्रभर माझ्या डोक्यात तेच. दुसऱ्या दिवशी रुपयाची अगदी सारखी दिसणारी दोन नाणी घेतली आणि एकाच्या दोन्ही बाजूंना कडेला नेलपॉलिशचा बारीकसा ठिपका लावला. शंका विचारणाऱ्या मुलाला चष्मा आहे, बऱ्यापैकी नंबराचा. त्याला टेबलापाशी बोलावलं. त्याच्या शेजारी खिडकीजवळची ती मुलगी. दोघांना एकाच झाकणातली नाणी दाखवायची. मुलगी ठिपका बघून नोंद करणार: छाछा, छाका, काछा, काका. मुलाने चष्मा काढून ठेवायचा. त्याला छापा-काटा कळत होता, ठिपका दिसत नव्हता. त्याची नोंद: दोन छापे, दोन काटे, मिश्र.

चाळीस वेळा केलं. मुलाच्या वहीत दोन छापे ११, दोन काटे ९, मिश्र २०. मुलीच्या वहीत छाछा ११, काका ९, छाका ८, काछा १२. आता मी वर्गाला विचारलं, “याने चष्मा काढला म्हणून नाण्यांनी पडायची रीत बदलली का?”

कुणी बोललं नाही. तो मुलगा दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघत होता. मग म्हणाला, “माझ्या तीन आहेत, पण मिश्रमध्ये दोन लपल्यात. मला दिसत नाहीत म्हणून त्या एक झाल्या नाहीत.” आणि फळ्याच्या कोपऱ्यातल्या वाक्याकडे त्याने स्वतः बोट दाखवलं. तेव्हा मी ‘समसंभाव्य’ हा शब्द लिहिला. तीन निष्पत्ती मोजणं चूक नव्हतं. त्या तीन समसंभाव्य नव्हत्या, आणि भागाकाराला समसंभाव्यच लागतात. ही एवढी गोष्ट ४६ जणांनी आपापल्या शब्दांत वहीत लिहिली. मी सांगून लिहवून घेतली नाही.

त्याच तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत मी त्यांना दालांबेर या फ्रेंच गणितज्ञाची गोष्ट सांगितली. १७५४ साली फ्रेंच विश्वकोशातल्या नोंदीत त्याने दोन नाणेफेकींत कमीत कमी एक छापा यायची संभाव्यता दोन तृतीयांश दिली होती. त्याचं म्हणणं, पहिल्याच फेकीत छापा आला की काम झालं, दुसरी फेक करायचीच नाही. म्हणजे शक्यता तीन: छा, काछा, काका, त्यातल्या दोन आपल्या बाजूच्या. खरं उत्तर तीन चतुर्थांश. मी विचारलं, “या तिघांत जास्त वजनाची कोणती?” दहा-बारा आवाज एकदम: “पहिली! तिच्यात दोन आहेत!” इतका मोठा माणूस अगदी आपल्यासारखाच चुकला होता, हे कळल्यावर चष्मेवाल्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा होता.

एक गोष्ट मी वर्गात सांगितली नाही, पण शिक्षकांना माहीत असावी. त्या मुलाचं ‘सारख्याच असतील तर तीनच’ हे म्हणणं निसर्गात एका ठिकाणी खरं ठरतं. ढाक्याला शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये प्रकाशकणांची मोजणी याच धर्तीवर केली: कण एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत, म्हणून अदलाबदल केलेल्या दोन मांडण्या एकच धरायच्या. आइन्स्टाइनने तो लेख स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून छापवून आणला. दोन नाणी प्रकाशकणांसारखी असती तर तिन्ही निष्पत्ती खरोखर समसंभाव्य ठरल्या असत्या. नाणी तशी वागत नाहीत, हे आपल्याला ४६० वेळा खुळखुळवून कळलं. म्हणून अशी शंका घेणाऱ्या मुलाला ‘चूक’ म्हणून बसवताना माझा हात आता अडखळतो.

चौथ्या तासाला कवड्या. रामकुंडाजवळच्या पूजासाहित्याच्या दुकानातून दोन डझन आणल्या होत्या. वर्गातल्या सात-आठ जणांनी आजीबरोबर कवड्यांनी पट-सोंगट्या खेळलेल्या होत्या, त्यामुळे उताणी आणि उपडी हे शब्द आयतेच मिळाले. कवडी टाकली की दोनच निष्पत्ती. “मग उताणी पडायची संभाव्यता?” या वेळी ‘एक द्वितीयांश’ म्हणायला कुणी धजावलं नाही. “टाकून बघायला लागेल” असं म्हणाले. एका जोडीची कवडी १०० पैकी ३८ वेळा उताणी पडली, दुसऱ्या जोडीची ५७ वेळा. दोन कवड्यांचं आपसातही जुळेना. पोट किती फुगीर, पाठ किती घासलेली, यावर सगळं अवलंबून. इथे सूत्र चालत नाही, इथे नोंद ठेवावी लागते, आणि अवकाळी पावसाचंही तसंच आहे, हे दिंडोरीकडच्या मुलाने स्वतःहून जोडलं. “म्हणजे किती वर्षांत किती वेळा आला ते लिहून ठेवायचं.” त्याला मी एवढंच म्हटलं की बाबांना विचारून ये, त्यांच्या आठवणीत किती वर्षांची नोंद आहे.

आता मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, कवड्या नाण्यांच्या आधी घ्यायला हव्या होत्या. दोन निष्पत्ती असूनही निम्मं-निम्मं नसतं, हे आधी हाताला कळलं असतं तर नाण्यांच्या तासाला भांडण लवकर सुटलं असतं. पण मग चष्म्याचा प्रयोग सुचला असता का, माहीत नाही.

पाचव्या तासाला दोन फासे. इथे २१ आणि ३६ चा घोळ असतो. (४, ६) आणि (६, ४) एकच धरले की २१ होतात. नाण्यांवरून बऱ्याच जणांच्या लक्षात आलं होतं, तरी मला ते डोळ्यांनी दिसायला हवं होतं. पीटीच्या सरांकडून एक तासिका मागून घेतली (नंतर परत केली) आणि वर्ग व्हरांड्यात नेला. शहाबादी फरशीवर खडूने ६ बाय ६ चे ३६ चौकोन आखले. आडवे आकडे लाल फाशाचे, उभे पांढऱ्या फाशाचे. ३६ मुलं चौकोनांत उभी, उरलेली दहा कडेला प्रश्न विचारायला.

“बेरीज सात!” सहा हात वर गेले, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ. “बेरीज बारा!” एकच, कोपऱ्यातली मुलगी, तिने दोन्ही हात वर केले. “बेरीज दहा!” तीन: (४, ६), (५, ५), (६, ४). मी मुद्दाम म्हटलं, “(४, ६) आणि (६, ४) एकच ना? मग तुमच्यातला एक जण बाहेर या.” दोघंही जागचे हलेनात. “मॅडम, मी लाल चार आहे, तो लाल सहा आहे!” वर्ग त्यांच्या बाजूने ओरडला. मग (५, ५) वर उभ्या असलेल्या मुलाला विचारलं, “तुझा जोडीदार कुठे?” त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, “मी एकटाच आहे.” २१ मोजलं तर या एकट्याला आणि त्या दोघांच्या जोडीला सारखंच वजन मिळतं, हे मला बोलावंच लागलं नाही.

कडेला उभ्या असलेल्या एकाने ओरडून विचारलं, “बेरीज तेहेतीस!” एकही हात वर नाही. अशक्य घटनेची संभाव्यता शून्य, हे तिथल्या तिथे झालं. “पहिल्या फाशावरचा अंक दुसऱ्यापेक्षा मोठा!” (१, १) ते (६, ६) या दुसऱ्या तिरक्या रेघेच्या एका बाजूची सगळी मुलं, १५. ३६ पैकी १५, म्हणजे पाच बारांश. त्या दिवशी पुस्तकातली तीन उदाहरणं फरशीवर उभ्या उभ्या सुटली.

सहावी तासिका भाषेची. मराठी माध्यमात शिकवणाऱ्यांनी ही अडचण नीट बघावी असं मला वाटतं. ‘बेरीज कमीत कमी १०’ वाचलं की बऱ्याच मुलांच्या डोळ्यांना आधी ‘कमी’ दिसतं, आणि ती १० पेक्षा लहान बेरजा लिहायला लागतात. मी फळ्यावर लिहिलं: ‘कमीत कमी पाचशे रुपये लागतील.’ “तीनशे घेऊन गेलात तर चालेल?” “नाही!” “सातशे?” “चालतील!” मग ‘कमीत कमी १०’ म्हणजे १०, ११, १२. अनुकूल निष्पत्ती ३ + २ + १ = ६, संभाव्यता एक षष्ठांश. ‘जास्तीत जास्त’चंही तसंच: रिक्षात जास्तीत जास्त तीन माणसं. एक मुलगी म्हणाली, “घरी बोलताना कळतं, पेपरात कळत नाही.” त्यावर मला तरी एकच उपाय सुचला. वाक्य वाचलं की आधी चालणारी एक संख्या आणि न चालणारी एक संख्या समासात लिहायची, मगच पुढे जायचं. त्याच तासात पत्ते उरकले. काहींच्या घरी पत्त्यांना हातही लावत नाहीत, त्यांना बदाम-चौकट-किलवर-इस्पिकची ओळख एका कॅटने करून दिली. ५२ पत्ते, प्रत्येकी १३, चित्रांचे १२. यात फार रमले नाही.

एक गोष्ट सुटली नाही, तीही सांगायला हवी. नाण्यांच्या तासाला एका जोडीच्या पाचाच्या नाण्यावर लागोपाठ सहा काटे पडले. “आता छापाच येणार,” असं म्हणत त्यांनी पैजच लावली. मी नंतर २३ जोड्यांच्या नोंदी घेऊन बसले आणि पाचाच्या नाण्यावर जिथे जिथे लागोपाठ तीन काटे आले होते, तिथे पुढचं काय पडलं ते मोजलं. ५१ जागा सापडल्या: २४ वेळा छापा, २७ वेळा काटा. नाण्याला आठवण नसते, हे मुलांनी मान डोलावून मान्य केलं. पण मधल्या सुट्टीत क्रिकेटचा टॉस करताना तेच दोघं पुन्हा म्हणत होते, “तीन वेळा हरलोय, आता आपलाच.” हा गैरसमज एका तासाने जात नाही. त्याला वेगळी जागा द्यावी लागेल आणि ती मला या धड्यात मिळाली नाही.

सातव्या तासाला चाचणी. तीन नाण्यांवर कमीत कमी दोन छापे (आठ निष्पत्ती, चार अनुकूल, उत्तर एक द्वितीयांश): ४६ पैकी ३८ बरोबर. दोन फाशांची बेरीज कमीत कमी १०: ३५ बरोबर, चुकलेल्यांत सात जण अजून ‘कमीत कमी’लाच अडखळले होते. तिसरा प्रश्न मी मुद्दाम घातला होता: पिशवीत ३ लाल आणि १ पांढरा मणी आहे. न बघता एक काढला. ‘लाल किंवा पांढरा, दोनच गोष्टी, म्हणून लाल यायची संभाव्यता एक द्वितीयांश’ असं एक जण म्हणतो. बरोबर की चूक, कारणासह लिहा. तीन चतुर्थांश हे उत्तर ४१ जणांनी दिलं, पण नीट कारण लिहिणारे २७च. बाकीच्यांना उत्तर येतं, मांडता येत नाही. आधीच्या वर्षीशी याची तुलना करत नाही. मुलं वेगळी होती, पेपर वेगळा होता.

खर्च बघायचा तर नेहमी पाच तासिकांत होणाऱ्या धड्याला सात लागल्या. त्या दोन सांख्यिकीतून भरून काढताना मला जादा तास घ्यावा लागला. ज्यांच्याकडे तेवढा वेळ नाही त्यांनी निदान चष्म्याचा प्रयोग आणि फरशीवरचे ३६ चौकोन करावेत. बाकीचं सोडलं तरी चालेल.

चष्मेवाल्या मुलाला मी जाताना एक कोडं दिलं. गॅलिलिओच्या काळातल्या जुगाऱ्यांना ते पडलं होतं. तीन फाशांची बेरीज ९ यायच्या मांडण्या सहा आणि १० यायच्याही सहाच: मग १० थोडं जास्त वेळा का येतं? दोन दिवसांनी तो वहीची तीन पानं भरून घेऊन आला. २१६ पैकी ९ च्या २५ निष्पत्ती, १० च्या २७. ३-३-३ ला त्याने लाल गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं, ‘हा एकटाच आहे.’

चाचणीचे पेपर तपासताना त्याच्याच पेपरात तीन नाण्यांच्या उदाहरणाआधी एक ओळ होती. मी ती शिकवली नव्हती आणि गुणदानात तिला जागाही नाही: ‘तिन्ही नाणी वाकडी नाहीत असे धरून.’ त्याखाली आठ निष्पत्ती, त्याखाली उत्तर.